आजोबांच्या डबीतल्या दोन गोळ्या

रंकाळाकाठ | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, गावाकडचं जुनं घर उतरवायला काढलंय. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची एक पितळी डबी मिळाली. आत बंदुकीच्या दोन गोळ्या, वापरलेल्या, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेली. कागदांवर आजोबांच्या अक्षरात एकेक शब्द. एकावर 'गव्याची', दुसऱ्यावर 'बिबळ्याची'.

आजोबा शिकारी नव्हते. १९४९ ला संस्थान विलीन झालं, त्याच्या आधीची काही वर्षं दाजीपूरच्या रानात शिकारीला कुणी पाहुणे आले की ते हाक्याला जायचे. डबे वाजवत, ओरडत जनावर बंदुकीकडं ढकलायचं काम. त्यापलीकडं घरात कुणाला फारसं काही माहीत नाही.

आता गंमत बघा. 'गव्याची' गोळी भूछत्रासारखी फुललीय. कडा मागं वळल्यात, वर तांब्याच्या पाकळ्या, आत शिसं. 'बिबळ्याची' मात्र जशीच्या तशी, टोक गोल, अंगावर नळीचे तिरके ओरखडे. तिच्या बुडाशी काळं, वाळलेलं काहीतरी चिकटलंय. रक्त असावं म्हणून खरवडलं नाही.

गुजरीत ओळखीच्या सराफाकडं दोन्ही काट्यावर ठेवल्या. फुललेली १३.२ ग्रॅम, सरळ १९.४ ग्रॅम. फुललेलीची रुंदी १८ मिलिमीटर, सरळचा व्यास ९.५.

माझा साधा हिशोब: गवा म्हणजे जाड कातडं, जाड हाडं, म्हणून तिथं गोळी चेपली. बिबळ्या मऊ, म्हणून तिथं सरळ राहिली. बरोबर आहे का?

---

तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ९.५२

नाद खुळा! फोटो टाका की राव.

---

जुनी_नळी | रविवार, रात्री १०.३०

हिशोब साफ चुकलाय, पण मापं घेतलीत त्याबद्दल शाबासकी. मापं नसती तर या धाग्यात नुसत्या गप्पा झाल्या असत्या.

गोळीचं वजन ग्रेनमधे मोजतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. १९.४ ला त्यानं भागा, ३०० ग्रेन येतात. ९.५ मिलिमीटर म्हणजे .३७५ इंच. ३०० ग्रेन आणि .३७५ म्हटलं की पहिलं नाव येतं हॉलंड अँड हॉलंडच्या .३७५ मॅग्नमचं. १९१२ साली आलेलं काडतूस. आफ्रिकेत आणि आपल्याकडंही खूप चाललं, कारण हरणापासून हत्तीपर्यंत एकाच रायफलीवर भागायचं.

आता मुद्दा. या काडतुसाला दोन जातींच्या गोळ्या मिळायच्या. एक 'सॉफ्ट नोज': तांब्याच्या कवचातून पुढचं शिसं उघडं ठेवलेलं. ती फुलण्यासाठीच केलेली असते. दुसरी 'सॉलिड': टोकापर्यंत कवच, बऱ्याचदा आतून पोलादाचं, शिसं फक्त बुडाशी दिसतं. ती फुलू नये, वाकू नये, नुसती घुसत राहावी म्हणून केलेली.

म्हणजे तुमच्या दोन गोळ्यांचा आकार जनावरानं ठरवलेला नाही. कारखान्यानं ठरवलाय.

---

रंकाळाकाठ | रविवार, रात्री १०.४१

अरेच्चा. पण मग फुलायचं कशाला? घुसणारी चांगली की फुलणारी?

---

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी ७.१५

मी बंदूकवाला नाही, ओतकामवाला आहे. पण शिसं आणि तांबं रोज हाताखालून जातं, म्हणून धातूच्या बाजूनं सांगतो.

जनावराचं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच. सावकाश हात घातला तर पाणी वाट देतं. गोळी सेकंदाला ७७० मीटरनं आली, या .३७५ चा वेग साधारण तेवढाच, तर पाण्याला बाजूला व्हायला सवड मिळत नाही. रंकाळ्यात उंचावरून पोट खाली करून उडी मारलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गोळीच्या तोंडावर येणारा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. पाण्याची घनता धरून गणित केलं तर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या २९०० पट येतो. एवढ्या दाबापुढं शिसं म्हणजे भिजवलेली कणीक. ते मागं सरकतं, कवचाला आतून फाडतं, कवचाच्या पाकळ्या मागं वळतात. झालं भूछत्र. हाड लागायचीसुद्धा गरज नाही.

वेग निम्मा झाला की दाब चौथाई. म्हणून फार लांबून मारलेली सॉफ्ट गोळी कधी कधी फुलतच नाही, सुईसारखी पार होते. आणि फार वेगात लागली तर इतकी फुलते की तुकडे होतात.

सगळी कारागिरी या दोन टोकांच्या मधे. शिशात अँटिमनी नावाचा धातू थोडा घातला की ते कडक होतं. कवचाचं तांबं जस्त मिसळलेलं, शंभरात पाच किंवा दहा भाग. तोंडाशी पातळ आणि बुडाकडं जाड ओढायचं, म्हणजे फुलणं मधेच अडतं. आतल्या बाजूनं एखादा खाचा किंवा कडं सोडायचं, म्हणजे शिसं कवचातून निसटत नाही. पुढं लोकांनी शिसं कवचाला वितळवून जोडायलाच सुरुवात केली. आपल्या भाषेत डाग दिला म्हणा.

तुमच्या गोळीचं १९.४ चं १३.२ झालंय. तिसरा हिस्सा वाटेत गळाला. कवचाला न जोडलेल्या जुन्या गोळीला हे काही वाईट नाही.

---

जुनी_नळी | सोमवार, सकाळी ८.०५

उद्यमनगरी, क्या बात है.

'फुलणारी चांगली की घुसणारी' याचं उत्तर रंकाळाकाठ यांच्याच आकड्यांत आहे. व्यास ९.५ चा १८ झाला. जवळजवळ दुप्पट. म्हणजे समोरचं क्षेत्रफळ साडेतीन पटींपेक्षा जास्त. तेवढं मोठं भोक पडतं, तेवढं जास्त रक्त जातं. पण अडणंही तेवढंच वाढतं. गोळीचं वजन भागिले व्यासाचा वर्ग असं एक माप शिकारी वापरतात, पौंड आणि इंचात. सरळ ३०० ग्रेनला ते ०.३०५ येतं. तुमच्या भूछत्राला काढलं तर ०.०५८. पाचव्या हिश्श्यावर आलं.

रुंदी घ्यायची तर खोली सोडायची. दोन्ही फुकट मिळत नाही. हरीण असेल तर खोली सोडायला हरकत नाही, छाती ती केवढी. गव्याला सोडता येत नाही. हत्तीला तर नाहीच. आफ्रिकेत हत्ती मारणारा नामांकित शिकारी बेल ७ मिलिमीटरच्या बारक्या रायफलीतून लांबट सॉलिड गोळ्या हत्तीच्या मेंदूत घालायचा. फुलणारी गोळी त्या कवटीत रस्त्यातच बसली असती.

---

निवृत्त_नेमबाज | सोमवार, सकाळी ११.२०

आमच्या नेमबाजीच्या .२२ रायफलीला हा सगळा व्यापच नाही. ४० ग्रेनचं नुसतं शिसं, वेग आवाजाच्या जरा खाली, समोर कागद. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य आणलं ते असल्याच गोळीवर. कागदाला फुलणारी गोळी लागत नाही, त्याला फक्त मधे लागली की नाही एवढंच कळतं.

पण एक गोष्ट नवख्यांना पटत नाही म्हणून लिहितो. सगळ्यांना वाटतं जवळून मारलं की गोळी खोल जाते. सॉफ्ट गोळीचं उलट असतं. जवळ वेग जास्त, म्हणून ती लवकर आणि जास्त फुलते, म्हणून लवकर अडते. तीच गोळी दोनशे मीटरवर बेतानं फुलेल आणि जास्त आत जाईल. हाक्याच्या शिकारीत अंतर किती असणार? वीस-तीस पावलं. तुमच्या साहेबाची गोळी गव्यावर सगळ्यात वाईट अंतरावर लागली असणार.

---

जुनी_नळी | सोमवार, दुपारी १.१०

यावरून जॉन नोस्लर आठवला. अमेरिकन माणूस. १९४६ ला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या, म्हणजे तिकडच्या भल्यामोठ्या हरणाच्या, शिकारीला गेला होता, हातात .३०० हॉलंड, म्हणजे त्या काळची वेगवान रायफल. जनावर चिखलात लोळून आलेलं, अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर. गोळ्या लागत होत्या आणि वरच्या वरच फुटत होत्या, आतपर्यंत पोचेनात. घरी येऊन त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंतच घातली. पुढच्या कप्प्यातलं शिसं फुलू दे, उडून जाऊ दे, भिंतीमागचा अर्धा भाग तसाच पुढं जातो. तीच ती 'पार्टिशन'. आजही विकली जाते.

मूसच्या जागी आपला गवा ठेवून बघा. 

---

तांबडा_पांढरा | सोमवार, दुपारी १.४४

म्हणजे दमदम गोळी ती हीच का? तिच्यावर तर जगभर बंदी आहे म्हणे.

---

जुनी_नळी | सोमवार, दुपारी २.०२

घराणं तेच. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात .३०३ च्या गोळीचं टोक उघडं ठेवून बघितलं. पूर्ण कवचाची गोळी सरहद्दीवरच्या लढायांत माणसांना नुसती भोकं पाडून जाते, माणूस थांबत नाही, अशी इंग्रज सैन्याची तक्रार होती. १८९९ ला हेगला जाहीरनामा झाला तो लढाईपुरता. जनावरावर मात्र आज कित्येक देशांत उलटा नियम आहे: मोठ्या शिकारीला फुलणारीच गोळी हवी, कारण नुसतं भोक पडून पळालेलं जनावर चार दिवस कुजत मरतं. एकच गोळी, लढाईत क्रूर ठरली आणि रानात दयाळू. याचा मी बरीच वर्षं विचार करतोय, अजून नीट पचलेलं नाही.

---

सह्याद्रीप्रेमी | सोमवार, संध्याकाळी ६.३०

कौतुकानं चाललंय सगळं! शिकारीवर १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे हे कुणी लिहिणार की नाही? दाजीपूर १९५८ पासून अभयारण्य आहे. असले धागे वाचून उसातल्या डुकरावर बार काढणारे कमी नाहीत आपल्याकडं. आणि रंकाळाकाठ, ट्रंकेत जिवंत काडतूस निघालं तर परवान्याशिवाय घरात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. तेवढं बघा.

---

रंकाळाकाठ | सोमवार, संध्याकाळी ७.१०

बरोबर बोललात. ट्रंक पुन्हा उपसून बघितली. काडतूस नाही, टरफलसुद्धा नाही. या दोन गोळ्या आणि एक मोडका अडकित्ता. आणि मला कुणावर बार काढायचा नाहीये हो, आजोबांनी या दोन का जपल्या तेवढंच कळायला हवंय.

---

गुरांचा_डॉक्टर | सोमवार, रात्री ९.००

नोकरीत असताना गव्याची दोन-तीन शवविच्छेदनं बघितलीत. विहिरीत पडलेले, गाडीनं उडवलेले. म्हणून शरीराच्या बाजूनं थोडं.

आधी सिनेमावाल्यांचा एक गैरसमज काढतो. गोळीच्या धक्क्यानं जनावर उडून पडत नाही. १९.४ ग्रॅम गुणिले ७७० मीटर काढा आणि ८०० किलोच्या गव्यात वाटून टाका. सेकंदाला दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. तेवढा धक्का बंदूकवाल्याच्या खांद्यालाही बसतोच, तो कुठं उडतो? जनावर पडतं ते मेंदू किंवा मणका तुटला तर जागच्या जागी, नाहीतर फुप्फुस-काळजातून रक्त गेल्यावर. दुसऱ्या प्रकारात काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात गवा शंभर मीटर जातो. किंवा तुमच्याकडं येतो.

गोळीमागं मांस क्षणभर फुग्यासारखं ताणलं जातं. फुप्फुस लवचिक, ते ताण सोसून परत बसतं. यकृत तसं नाही, ते फाटतं. म्हणून एकच गोळी दोन ठिकाणी वेगळी वागते. गव्याला बाजूनं मारलं तर आधी कातडं, मग खांद्याचा जाड मांसल थर, फऱ्याचं हाड, बरगडी, आणि मग कुठं फुप्फुस. तीस पावलांवरून आलेली सॉफ्ट गोळी फऱ्याच्या हाडापाशीच संपली असेल तर मला नवल नाही.

जाता जाता: गळालेला तो तिसरा हिस्सा शिशाचे कण होऊन मांसात राहतो. पाश्चात्त्य देशांत गिधाडं आणि गरुड तेच खाऊन विषबाधेनं मेले. कॅलिफोर्नियात कॉन्डोर गिधाडापायी २०१९ च्या जुलैपासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद केली. आता तिकडं नुसत्या तांब्याच्या गोळ्या वापरतात. टोकाला पोकळी, चार पाकळ्या फुलतात, वजन जवळजवळ घटत नाही.

आता माझा खरा प्रश्न. मला 'गव्याची' पटली. 'बिबळ्याची' पटत नाही. मोठा नर बिबळ्या ६०-७० किलोचा. छाती आडवी किती, एक वीत. तुमची सॉलिड हत्तीसाठी केलेली. ती बिबळ्यात राहिलीच कशी?

---

जुनी_नळी | सोमवार, रात्री ९.३५

हे माझ्याही डोक्यात होतं, पण तुम्ही नेमकं पकडलंत. ३०० ग्रेनची सॉलिड बिबळ्यातून कागदासारखी पार होईल आणि पुढच्या डोंगरात जाईल. बरं, बिबळ्यासाठी कुणी सॉलिड भरतच नाही, तिथं लवकर फुलणारीच हवी. मोठ्या जनावराला पहिली सॉफ्ट आणि मागच्या सगळ्या सॉलिड असं भरायची पद्धत मात्र होती. पहिली शांतपणे नेम धरून, पुढच्या पळत्या जनावराला, कुठूनही लागल्या तरी आत पोचायला.

म्हणजे माझ्या मते दोन्ही गोळ्या एकाच गव्याच्या.

---

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री ९.४१

मग आजोबा खोटं लिहितील व्हय? गव्यातनं पार होऊन मागं झुडपात बसलेल्या बिबळ्याला लागली असंल. एका दगडात दोन पक्षी!

---

निवृत्त_नेमबाज | सोमवार, रात्री ९.५५

हाका चालू असताना बिबळ्या गव्यामागं बसून राहतो होय? काहीही.

---

गुरांचा_डॉक्टर | सोमवार, रात्री १०.०४

बुडाशी चिकटलंय ते नीट बघा. रंग कसा आहे? नखानं टोकरू नका, उजेडात धरा.

---

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री १०.२६

भिंग लावून बघितलं. वरून काळं. पण एक टवका निघालाय, तिथून मोबाईलचा उजेड पलीकडं जातोय. गडद लाल दिसतंय, माणकासारखं. काचेगत चकाकतंय.

---

गुरांचा_डॉक्टर | सोमवार, रात्री १०.३१

रक्त नव्हे. वाळलेलं रक्त तपकिरी होतं, भुकटी होतं. आरपार दिसत नाही.

---

ऐनाची_सावली | मंगळवार, सकाळी ६.५०

मी राधानगरीची, शाळेत विज्ञान शिकवते. रात्रभर धागा वाचला, आता हसू आवरेना.

अहो, बिबळा नावाचं झाड असतं आपल्या रानात. मोठं होतं, इमारतीचं लाकूड. सालीवर घाव घातला की त्यातून लाल डिंक पाझरतो, अगदी जखमेतून रक्त आल्यासारखा, आणि वाळला की काळा पडतो. तुकडा उजेडात धरला तर माणकासारखाच दिसतो.

आता व्याकरण बघा. जनावर बिबळ्या, त्याची गोळी 'बिबळ्याची'. झाड बिबळा, त्याचीही गोळी 'बिबळ्याची'!

---

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ७.२२

बाई, साष्टांग नमस्कार. सॉलिडच्या बुडाशी शिसं उघडं असतं, तिथंच डिंक धरणार. सगळं जुळतंय.

---

जुनी_नळी | मंगळवार, सकाळी ७.४०

आणि गव्यातून पार होऊन वेग मेलेला, म्हणून झाडात थांबली. नाहीतर सापडली नसती. रंकाळाकाठ, घरात त्या काळचं कुणी आहे का?

---

तांबडा_पांढरा | मंगळवार, सकाळी ८.१५

माझा बिबळ्या गेला. मिसळ खायला जातो.

---

रंकाळाकाठ | मंगळवार, रात्री ११.०५

आज मुद्दाम आत्याकडं जाऊन आलो. वय ८६, कान गेलेत पण बाकी सगळं शाबूत. डबी हातात दिली तर उघडायच्या आधीच म्हणाली, "ह्यात दोन हाईत न्हवं?" मी विचारलं, ही बिबळ्याची म्हणजे बिबळ्या मारला होता का? तर माझ्या पाठीत धपाटा. "आरं बिबळ्या न्हवं, बिबळा! झाड!"

तिनं लहानपणी ऐकलेलं सांगते. हाका जवळ आला होता. साहेबानं पहिला बार काढला, गवा बसला आणि उठला. उठला तो माघारी वळला, थेट हाकेकऱ्यांच्या रांगेकडं. सगळे झाडांआड. साहेबानं पळत्या गव्यावर दुसरा बार काढला. पुढं माणसं आहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असंल, आत्याला माहीत नाही. गवा आडवा झाला. आजोबा एका बिबळ्याच्या खोडाला पाठ लावून उभे होते. गोळी त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर त्याच खोडात गेली. साल उडाली ती गालाला लागली. त्यांच्या डाव्या गालावर एक व्रण होता, तो आम्हा नातवंडांना वस्तऱ्याचा म्हणून सांगितलेला.

पहिली गोळी गवा सोलताना निघाली, खांद्यातच. फऱ्याच्या हाडाला चिकटून. डॉक्टरसाहेब, तुमचं तंतोतंत खरं ठरलं. ती साहेबानं बघितली आणि टाकून दिली, आजोबांनी उचलली.

दुसरीसाठी आजोबा दुसऱ्या दिवशी पहाटे एकटेच परत रानात गेले. सुताराची पटाशी घेऊन. चार बोटं आत होती, दुपार झाली काढायला. आजीनं विचारलं, कुठं गेलता उपाशीपोटी? तर म्हणाले,

"माझी गोळी आणाय गेलतो."